प्रोजेक्ट सगळ्यांचा, पण प्रत्येक कागद सगळ्यांचा नाही: अ‍ॅक्सेस कसा आवरायचा

"मॅडम, दरपत्रकात आमच्या कामापुढे जो आकडा लिहिलाय, तो आम्हाला का मिळत नाही?"

आमचं काही काम बाहेर करून देणाऱ्या टीममधल्या एका मुलाने फोनवर हे विचारलं. आवाज चढवून नाही, अगदी सरळ. त्याला कागद दिसला, त्याने उघडून वाचला आणि शंका विचारली. ते दरपत्रक आम्ही ग्राहकाला दिलेलं होतं. म्हणजे त्या मुलाच्या टीमला आम्ही काय देतो आणि ग्राहकाकडून काय घेतो, यातला फरक त्याला घरबसल्या काढता आला. आणि तो त्या प्रोजेक्टचा मेंबरसुद्धा नव्हता! मेंबर नाही म्हणजे दिसणार नाही, हे मी गृहीत धरलं होतं. तपासलं मात्र कधी नव्हतं.

ऑफिसचे प्रोजेक्ट आणि कागद सांभाळायची सिस्टीम माझ्याकडे आली ती "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, मग तूच बघ" या एका वाक्यावर. तुमच्याकडेही ती अशीच आली असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. उदाहरणं मी रेडमाइनची देते, कारण मला ते आतून-बाहेरून माहीत आहे. 2006 पासून चालत आलेलं हे प्रोजेक्ट सांभाळायचं फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. ओपनप्रोजेक्टही त्याच घराण्यातलं. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर मेनूची नावं वेगळी निघतील, पण अडकायच्या जागा बहुतेक त्याच.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- अ‍ॅडमिनचं लॉगिन. नुसतं प्रोजेक्ट मॅनेजरचं लॉगिन असेल तर रोल (म्हणजे परवानग्यांचे ठरलेले संच) बदलता येत नाहीत आणि तुम्ही अर्ध्यातच अडकाल.
- एक चाचणी खातं, साध्या वापरकर्त्याचं. यासाठी वेगळा ईमेल पत्ता लागेल.
- दुसरा ब्राउझर, किंवा त्याच ब्राउझरची खाजगी विंडो.
- सध्याच्या मेंबरांची यादी, कोणाला कोणता रोल आहे यासकट. स्क्रीनशॉट काढून ठेवला तरी चालेल. काही बिघडलं तर आधी काय होतं हे सांगणारा तोच एक पुरावा असतो.
- कागद ज्यांच्या अखत्यारीत आहेत त्यांचा लेखी होकार. "हिशेबाचे कागद फक्त अमुक तिघांना" एवढी एका ओळीची मेलसुद्धा पुरते. ती नसेल तर उद्या कोणी चिडलं की बोट तुमच्याकडे येतं.

## 1. आधी कागदांची यादी, माणसांची नंतर

बहुतेक जण उलटं करतात. "याला काय दाखवायचं, तिला काय दाखवायचं" असं माणूस धरून बसतात आणि दहाव्या नावापर्यंत डोकं गरगरायला लागतं. माणसं येतात-जातात, कागदांचे प्रकार मात्र मोजकेच असतात.

एका शीटमध्ये तीन रकाने करा: कागदाचा प्रकार, कोणी वाचायचा, कोणी बदलायचा. आमच्याकडे शेवटी चारच प्रकार निघाले. सगळ्यांनी वाचायचे (आराखडे, बैठकींच्या नोंदी), फक्त आतल्या टीमचे (तांत्रिक टिपणं, कच्चे मसुदे), पैशांचे (दरपत्रक, बिलं, करार) आणि माणसांचे (रजा, मूल्यमापन). चौथा प्रकार या सिस्टीममध्ये मुळात नकोच होता. तो आम्ही काढूनच टाकला. नीट विचारलं तर अशा काही कागदांना कुलूप लावायची गरजच उरत नाही, कारण त्यांची जागाच दुसरीकडे असते.

"वाचायचा" आणि "बदलायचा" हे रकाने वेगळे ठेवण्याला कारण आहे. एखाद्याकडून अ‍ॅक्सेस काढा असं कोणी सांगतं, तेव्हा निम्म्या वेळा त्यांचं म्हणणं एवढंच असतं की त्याने फाइल बदलू नये. वाचली तर कोणाची हरकत नसते. हा प्रश्न आधी विचारला की निम्मं काम कमी होतं.

## 2. तुमची सिस्टीम कुलूप नक्की कशाला लावते?

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. नवीन माणसाची कल्पना अशी असते की एखाद्या कागदावर उजवं क्लिक करावं, "हा फक्त या दोघांना" असं निवडावं आणि झालं. काही सिस्टीममध्ये तसं होतं. पुष्कळ सिस्टीममध्ये होत नाही.

रेडमाइनच्या मूळ रूपात एकेका कागदाला परवानगी लावता येत नाही. 'डॉक्युमेंट्स' हे एक मॉड्यूल (प्रोजेक्टमधला चालू-बंद करता येणारा विभाग) आहे आणि त्यातले कागद पाहायची परवानगी असते किंवा नसते. असेल तर त्या प्रोजेक्टमधले सगळे कागद दिसतात, नसेल तर एकही दिसत नाही. कागदांना वर्गवारी देता येते, पण ती निव्वळ मांडणीसाठी. मी सुरुवातीला 'गोपनीय' नावाची वर्गवारी तयार केली होती आणि दरपत्रक त्यात टाकलं होतं. म्हणजे खोलीला दार नव्हतं, पाटी तेवढी होती, आणि त्या पाटीमुळे लोक उलट डोकावून बघायला लागले.

म्हणून पहिला प्रश्न असा: माझ्याकडे कुलूप कशाला लागतं, कागदाला, फोल्डरला, की अख्ख्या प्रोजेक्टला?

कागद ठेवायच्या इतर सिस्टीमची थोडक्यात कल्पना देते. शेअरपॉइंटमध्ये परवानगी वरून खाली झिरपते: साइटवरून लायब्ररीला, लायब्ररीवरून फोल्डरला, तिथून फाइलला. मध्येच तोडता येते, पण तोडताना वरची सगळी नावं तशीच खाली उतरवली जातात. "वारसा थांबवला" म्हणून निर्धास्त होऊ नका, ती नावं हाताने काढावी लागतात. कॉन्फ्लुएन्समध्ये एखाद्या पानाचं वाचन मर्यादित केलं की ते बंधन त्याच्या पोटातल्या पानांनाही लागतं. चुकीच्या पानावर ते लावलं तर अख्खं झाड गायब होतं आणि सकाळी तुमचा फोन वाजायला लागतो. गुगल ड्राइव्हमध्ये फोल्डर कोणाला दिलं की आतल्या फाइल्स आपोआप गेल्या. शिवाय 'लिंक असलेले कोणीही' हा पर्याय चालू असेल तर नावांच्या यादीला अर्थच राहत नाही.

## 3. बाहेरचं दार लावा

आतल्या खोल्यांची कुलपं नंतर. रेडमाइनमध्ये बाहेरच्या दाराच्या चार कड्या आहेत आणि चारही बघाव्या लागतात.

पहिली: अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये सेटिंग्ज, तिथे ऑथेंटिकेशनचा टॅब. लॉगिन सक्तीचं आहे का? नसेल तर सार्वजनिक प्रोजेक्टमधलं बरंच काही लॉगिन न करताही दिसू शकतं.

दुसरी: त्याच टॅबवर खातं स्वतःहून उघडण्याचा पर्याय. तो आपोआप मंजुरीवर असेल तर पत्ता माहीत असलेला कोणीही आत येऊ शकतो. बंद करा, नाहीतर अ‍ॅडमिनच्या मंजुरीवर ठेवा.

तिसरी: प्रत्येक प्रोजेक्टच्या सेटिंग्जमधली 'पब्लिक' ही चौकट. मला फसवलं ते हिने. 'पब्लिक' म्हणजे टीमसाठी खुला, असं मला वाटायचं. त्याचा खरा अर्थ असा की मेंबर असो वा नसो, लॉगिन असलेल्या प्रत्येकासाठी तो खुला आहे. अशा वेळी मेंबर नसलेल्याला सिस्टीम 'नॉन मेंबर' या रोलच्या परवानग्या देते. लॉगिन न केलेल्यासाठी 'अ‍ॅनॉनिमस' असा रोल असतो. हे दोन्ही रोल सिस्टीमबरोबरच येतात, पुसता येत नाहीत. रेडमाइन बसवताना त्याची तयार मांडणी भरली असेल तर कागद पाहण्याच्या परवानगीवर नॉन मेंबरलासुद्धा आधीच टिक आलेली असते. दरपत्रकावर प्रश्न विचारणारा मुलगा याच वाटेने आत आला होता.

चौथी: सेटिंग्जमध्ये प्रोजेक्ट्सच्या टॅबवर, नवा प्रोजेक्ट आपोआप पब्लिक व्हावा का, हा पर्याय असतो. तो काढून टाका. आजचे प्रोजेक्ट दुरुस्त केले आणि हा पर्याय तसाच राहिला, तर पुढच्या महिन्यात कोणी नवा प्रोजेक्ट काढेल तो पुन्हा सताड उघडाच.

## 4. रोल: बेरीज होते, वजाबाकी होत नाही

अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये 'रोल्स अँड परमिशन्स' उघडा. तिथेच परमिशन्स रिपोर्टची लिंक आहे. आधी तो रिपोर्ट उघडा, कारण त्यात सगळे रोल आडवे आणि सगळ्या परवानग्या उभ्या एका तक्त्यात दिसतात. एकेक रोल उघडून बघण्यापेक्षा हा तक्ता फार बरा. आपण कोणाला काय देऊन बसलोय हे बघून पहिल्यांदा थोडा घाम फुटतो, ते साहजिक आहे.

कागदांचं पाहणं, नवे टाकणं, बदलणं आणि पुसणं, यांना वेगवेगळ्या टिका आहेत. 'फाइल्स' हे मॉड्यूल वेगळं आणि त्याच्या टिकाही वेगळ्या. विकीच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या पानांच्या, आणखी वेगळ्या. कागदांची टिक काढली आणि फाइल्सची राहिली असं होतंच होतं.

रोल किती ठेवावेत? माझं मत, पाचाच्या वर जाऊ नका. प्रत्येक माणसासाठी वेगळा रोल केला की सहा महिन्यांनी "जुना-टीमलीड-2-तात्पुरता" असले रोल उरतात आणि ते कोणी कशासाठी केले होते हे देवालाही सांगता येत नाही. आमचे आता चार आहेत: वाचक, सहकारी, बाहेरचे, मॅनेजर. नवा रोल करताना जुन्याची नकल घेता येते, पण नकल घेताना नको त्या परवानग्याही सोबत येतात. 'बाहेरचे' हा रोल मी पूर्ण रिकामा ठेवून सुरू केला आणि त्यांचं काम जिथे अडलं तिथे एकेक टिक दिली. लागेल तेवढंच द्यावं, हे तत्त्व जुनं आहे. साल्टझर आणि श्रोडर यांनी 1975 मध्ये संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर लिहिताना ते मांडलं. पन्नास वर्षं होऊनही आपण सगळे आधी सगळं देतो आणि मग काढत बसतो, हा भाग वेगळा.

आता इथला मोठा खड्डा. एका माणसाला एका प्रोजेक्टमध्ये दोन रोल असले तर त्याला दोन्हींच्या परवानग्या एकत्र मिळतात. तुम्ही त्याला 'बाहेरचे' हा कमी अधिकारांचा रोल दिलात, पण 'सहकारी' काढायला विसरलात, तर काहीच बदललं नाही. एका रोलमध्ये 'नाही' म्हटल्याने दुसऱ्यातलं 'हो' रद्द होत नाही.

दोन रोल नकळत कसे येतात? बहुतेक वेळा ग्रुपमुळे. कोणीतरी कधीतरी 'ऑफिस' नावाचा ग्रुप करून तो प्रोजेक्टला जोडलेला असतो. मग मेंबरांच्या यादीत त्या माणसापुढे दोन रोल दिसतात आणि त्यातला ग्रुपकडून आलेला रोल तिथून काढता येत नाही. मी त्या चौकटीवर तीनदा क्लिक करून सिस्टीमलाच नावं ठेवली होती. माणसाला ग्रुपमधून काढा, नाहीतर ग्रुपच प्रोजेक्टमधून काढा, की तो रोल आपोआप जातो.

आणि अ‍ॅडमिन. अ‍ॅडमिनची खूण असलेल्या खात्याला सगळं दिसतं, रोल काहीही असो. ही खूण किती जणांना आहे ते आजच मोजा. आमच्याकडे सात निघाले. त्यातल्या दोघांना आपण अ‍ॅडमिन आहोत हेच माहीत नव्हतं.

## 5. गुप्त कागदांना वेगळा उपप्रकल्प

कागदाला कुलूप लागत नसेल तर कुलूप लागणारी खोली बांधायची. रेडमाइनमध्ये ती खोली म्हणजे उपप्रकल्प. क्रमाने करा:

1. मूळ प्रोजेक्टच्या पोटात नवा उपप्रकल्प काढा. नावात गुपित लिहू नका, 'कामकाज-2' असं काहीतरी साधं द्या. प्रोजेक्टचं नाव सूचनांच्या मेलच्या विषयात येतं आणि शेजारी बसलेला माणूस तुमच्या स्क्रीनकडे बघतोच.
2. 'पब्लिक' ची टिक काढा.
3. मेंबर वरून घेण्याची, म्हणजे 'इनहेरिट मेंबर्स' ची टिक काढा. ती राहिली तर मूळ प्रोजेक्टमधली सगळी मंडळी आपापल्या रोलसकट आत आली आणि सगळी मेहनत पाण्यात. वरून आलेला मेंबर तिथून एकट्याने काढताही येत नाही.
4. मॉड्यूल्समध्ये फक्त 'डॉक्युमेंट्स' चालू ठेवा. विकी, फोरम, फाइल्स सगळं बंद. जितकी दारं कमी, तितकं बघायला सोपं.
5. मेंबर हाताने जोडा, एकेक नाव. ग्रुप जोडू नका. इथे आळस केला तर ग्रुपमध्ये उद्या येणारा प्रत्येक नवा माणूस थेट तिजोरीत.
6. कागद नव्या जागी अपलोड करा, उघडून पाहा आणि मगच जुन्या जागेवरून पुसा. हा क्रम उलटा करू नका.

एकच कागद आणि दोनच माणसं असतील तर उपप्रकल्प म्हणजे माशी मारायला तोफ. अशा वेळी मी खाजगी इश्यू (इश्यू म्हणजे सिस्टीममधली एका कामाची नोंद) काढते आणि कागद त्याला जोडते. खाजगी इश्यू तो लिहिणाऱ्याला, तो ज्याच्याकडे सोपवलाय त्याला आणि ज्यांच्या रोलला सगळे इश्यू दिसतात त्यांना दिसतो. शेवटचा गट विसरू नका. मॅनेजर रोलला बहुधा सगळे दिसतात.

फोल्डरवार परवानगीसाठी डीएमएसएफ नावाचं प्लगइन (रेडमाइनला वरून जोडायचा भाग) लोक वापरतात. चांगलं आहे, पण प्लगइन म्हटलं की तुमच्या रेडमाइनच्या आवृत्तीशी त्याचं जमलं पाहिजे, आणि पुढे रेडमाइन अद्ययावत करताना ते पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. ते सांभाळणारं कोणी नसेल तर उपप्रकल्पच बरा.

एक सोपा मोह टाळा: मूळ प्रोजेक्टमधलं 'डॉक्युमेंट्स' मॉड्यूल बंद केलं की कागद सुरक्षित झाले, असं समजू नका. मॉड्यूल बंद केल्याने माहिती पुसली जात नाही. कोणी ते परत चालू केलं की सगळं जसंच्या तसं समोर हजर.

## 6. मागची दारं

कागदाची मुख्य जागा बंद केली तरी त्याच्या प्रती फिरत असतात. हा भाग घाईत करू नका, खरी गळती इथूनच होते.

जोडलेल्या फाइल्स. दरपत्रक 'डॉक्युमेंट्स' मधून हलवलंत, पण तीच फाइल कोणीतरी महिन्याभरापूर्वी एका इश्यूला "सर, हे बघून घ्या" म्हणून जोडलेली असते. शोधमध्ये फाइलचं नाव टाका आणि कुठे कुठे निघते ते पाहा. आमचं दरपत्रक पाच ठिकाणी निघालं. एक तर विकीच्या 'नवीन माणसांसाठी माहिती' या पानावर होतं!

खाजगी टिपण. इश्यूमध्ये खाजगी टिपण लिहिता येतं, ते ठरावीक लोकांनाच दिसतं. पण टिपण लिहिताना जोडलेली फाइल ही इश्यूला जोडली जाते, टिपणाला नाही. टिपणातला मजकूर लपतो, पण इश्यूच्या फाइल्सच्या यादीत ती फाइल इतरांना दिसू शकते. गुप्त फाइल खाजगी टिपणाबरोबर कधीच टाकू नका.

गेलेले मेल. रेडमाइन सूचनेच्या मेलमध्ये फाइलची लिंक पाठवतं, त्यामुळे अ‍ॅक्सेस काढल्यावर ती लिंक चालत नाही. पण मेलमध्ये लिहिलेला मजकूर समोरच्याच्या इनबॉक्समध्ये राहतोच. इश्यूच्या वर्णनात कोणी आकडे टाकले असतील, तर ते गेलेच समजा.

बाहेरच्या लिंका. विकीत किंवा वर्णनात ड्राइव्हची लिंक चिकटवलेली असते. तुमच्या सिस्टीमचा त्या फाइलवर काडीचा ताबा नाही. तिथलं शेअरिंग तिथेच जाऊन बदलावं लागतं.

डाउनलोड. पाहू दिलं म्हणजे नेऊ दिलं, असंच धरून चाला. काही सिस्टीम डाउनलोडचं बटण लपवतात, पण स्क्रीनचा फोटो काढायला फोन पुरतो.

किल्ल्या. प्रत्येक खात्याला एपीआयची (दुसऱ्या प्रोग्रामने सिस्टीमशी बोलायची) एक किल्ली आणि अ‍ॅटम फीडची (नव्या नोंदी बाहेरून वाचायची) एक किल्ली असते. ती कोणाच्या हाती लागली असा संशय आला, तर त्या माणसाला 'माय अकाउंट' मध्ये जाऊन दोन्ही बदलायला सांगा. पासवर्ड बदलला म्हणजे या किल्ल्याही बदलल्या, असं समजू नका.

## 7. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहा

अ‍ॅडमिनला सगळं दिसतं, म्हणून अ‍ॅडमिनच्या लॉगिनने केलेली तपासणी काही सांगत नाही. बंद खोलीची किल्ली हातात घेऊन "दार उघडतं का" असं बघण्यासारखं ते आहे. चाचणी खातं याचसाठी करून ठेवायचं.

मी असं करते. आधी अ‍ॅडमिनच्या विंडोत गुप्त कागद उघडते आणि त्याच्या पानाची आणि प्रत्यक्ष फाइलची, अशा दोन्ही लिंका कॉपी करून घेते. मग खाजगी विंडोत चाचणी खात्याने लॉगिन करून या गोष्टी बघते:

- प्रोजेक्टच्या यादीत उपप्रकल्प दिसतो का?
- पानाची लिंक थेट चिकटवली तर काय होतं? "परवानगी नाही" असं उत्तर यायला हवं.
- फाइलची लिंक थेट चिकटवली तर? हे वेगळं बघायचं. रेडमाइन फाइल देताना परवानगी तपासतं, पण सगळ्याच सिस्टीम इतक्या शिस्तीच्या नसतात. पान बंद आणि फाइल उघडी, हा प्रकार मी दुसरीकडे पाहिलाय.
- शोधमध्ये कागदाच्या नावातला एखादा शब्द टाकला तर काही निघतं का?
- 'अ‍ॅक्टिव्हिटी' च्या पानावर कागद टाकल्याची नोंद दिसते का?
- आणि हेही: ज्याला दिसायला हवं, त्याला दिसतंय का?

हे सगळं तीनदा करते: चाचणी खातं मेंबर नसताना, 'बाहेरचे' रोलवर आणि 'सहकारी' रोलवर. सुरळीत असेल तर वीस मिनिटं लागतात. शेवटी लॉगआउट करून, लॉगिन न करता त्याच लिंका पुन्हा चिकटवून पाहते.

हा सगळा खटाटोप जास्त वाटत असेल तर एक सांगते. वेब सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या धोक्यांची यादी ओवास्प ही संस्था काढते. त्यांच्या 2021 च्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं ते अ‍ॅक्सेसवरचं मोडकं नियंत्रण. मुरलेले प्रोग्रामरही इथे चुकतात, मग आपण का नाही?

## 8. लोकांना आधी सांगा

यात तांत्रिक काही नाही, पण मी सर्वात जास्त बोलणी इथेच खाल्ली. शुक्रवारी संध्याकाळी अ‍ॅक्सेस काढला आणि कोणालाच काही बोलले नाही. सोमवारी सकाळी एक ज्येष्ठ सहकारी टेबलापाशी आले.

"करार दिसत नाहीये मला."

"सर, ते आता तिघांपुरतंच ठेवलंय."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

याला उत्तर नसतं. तुम्ही काहीही म्हणालात तरी ते सारवासारवच वाटते. त्यांना विश्वासाशी घेणंदेणं नव्हतं. करारातली एक तारीख त्यांना दर महिन्याला लागायची. मी ती तारीख सगळ्यांच्या प्रोजेक्टमध्ये वेगळी लिहून ठेवली आणि विषय संपला. आता बदल करायच्या दोन दिवस आधी एक मेल जाते: कोणते कागद कुठे हलणार, कोणाला दिसणार, आणि त्यातलं काही तुम्हाला कामासाठी लागत असेल तर अमुक दिवसापर्यंत कळवा. कारण एका ओळीत, कोणा एकाचं नाव न घेता. उत्तरं येतात त्यातून माझ्या पहिल्या शीटमधल्या चुकाही सापडतात.

बदल शुक्रवारी संध्याकाळी करू नका, हे वेगळं सांगायला नकोच.

## 9. माणूस बदलतो तेव्हा

कोणी काम सोडून गेलं की खातं पुसायचा मोह होतो. पुसू नका, लॉक करा. लॉक केलेल्याला लॉगिन करता येत नाही, पण त्याच्या कामाच्या नोंदी त्याच्या नावावर राहतात. खातं पुसलं की त्या नोंदी 'अ‍ॅनॉनिमस' च्या नावावर जातात आणि कोणता कागद कोणी टाकला होता ते कायमचं हरवतं.

जे दुसऱ्या कामावर गेलेत पण संस्थेतच आहेत, ते जास्त निसटतात. त्यांचं खातं चालू असतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. दर तीन महिन्यांनी मी प्रत्येक बंद उपप्रकल्पाची मेंबरयादी त्या कागदांच्या मालकाला पाठवते: "ही नावं अजून बरोबर आहेत का?" काम संपलेला प्रोजेक्ट 'क्लोज' करता येतो, मग तो फक्त वाचता येतो. 'आर्काइव्ह' केला तर तो वापरकर्त्यांच्या नजरेआडच होतो. पैशांचे जुने कागद मी आर्काइव्हमध्ये ठेवते.

## 10. कागद आधीच दिसून गेला असेल तर

आधी दार लावा, कारण शोधणं नंतरही होतं. 'पब्लिक' काढा किंवा ज्या रोलमुळे कागद दिसला तो रोल काढा, जे लगेच होईल ते. कागद मात्र घाईने पुसू नका. कोणी कधी काय टाकलं ते नंतर बघावं लागतं आणि पुसलेल्या कागदाबरोबर ती माहितीही जाते.

मग कागदाच्या मालकाला स्वतःहून सांगा, दुसऱ्याकडून कळायच्या आधी. कोणता कागद, कधीपासून उघडा होता, कोणापर्यंत गेला असू शकतो आणि आता बंद केलाय, एवढं लिहा. सर्व्हरचं कामकाज बघणाऱ्याकडे वेब सर्व्हरच्या नोंदी मागा. फाइलची लिंक कोणत्या पत्त्यावरून आणि कधी उघडली गेली ते त्यात सापडू शकतं. त्या नोंदी ठरावीक काळाने पुसल्या जातात, म्हणून त्याच दिवशी मागा. कागदात पासवर्ड किंवा किल्ली लिहिलेली असेल तर ती ताबडतोब बदला. ती कोणी वाचली की नाही याचा विचार करत बसू नका.

दरपत्रकाचं मी हेच केलं. साहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि चूक माझी असल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणखी कोणी पाहिलं?" नोंदी पाहिल्यावर उत्तर मिळालं: फाइल चार पत्त्यांवरून उघडली गेली होती. त्यातले तीन आमच्याच ऑफिसातले होते आणि चौथा त्या मुलाचा. त्याच्या टीमला पुढच्या कामापासून दर थोडा वाढवून दिला. त्याला कळलं म्हणून वाढवला की मुळातच कमी होता म्हणून, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.